सर्वांना भोपळा

सहकारी भांडाराच्या अध्यक्षबाई बुधवारी दुपारी लाल पेन घेऊन हजेरीचा तक्ता भरायला बसल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी चहाचा कप त्यांच्यापासून हातभर लांब ठेवला. लाल पेन हातात असताना बाई इतक्या जोराने लिहितात की टेबलावरच्या वस्तू हलतात, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. भांडार बावन्न घरांनी मिळून चालवलेले. त्याला मालक नाही, नोकर नाही. प्रत्येक सभासदाने आठवड्यातून दोन तास यायचे, पोती उघडायची, वजने करायची, फळ्या पुसायच्या, असा नियम. नियम फार चांगला होता आणि बाईंनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दारावर लावला होता. त्या महिन्यात तो पाळणारे तीनच जण निघाले: स्वतः बाई, हॉस्पिटलातल्या नर्सबाई आणि शेजारच्या दुकानातला न्हावी. त्यातला न्हावी खरे तर भांडाराच्या पंख्याखाली बसायला येत असे, पण येत असे.

उरलेल्या एकोणपन्नास सभासदांपुढे बाईंनी एकेक करून लिहिले, 'भोपळा'. शून्य काढायची त्यांना सवयच नव्हती. शाळेतही त्या नापास पेपरावर अक्षरी भोपळाच लिहीत. शून्याचे कोणी सहा करतो, कोणी मागे एक लावून दहा करतो. भोपळ्याचे कोणाला काही करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बावन्न सभासदांपैकी निदान वीस जणांनी लहानपणी त्यांच्याकडून असा भोपळा घरी नेला होता.

"पुरे की आता," यजमान म्हणाले. ते निवृत्त शिंपी होते आणि एकंदरीत कमी बोलत. "मंगळवारचं तिकीट आहे आपलं. बॅगा कधी भरायच्या?"

"बॅगा भरून काय करू? शनिवारची सभा झाली तर जाणार ना मी."

खरी गोम तिथेच होती. बाईंची लेक दुसऱ्या शहरात होती, तिचे दिवस भरत आले होते आणि ती रोज फोन करून एकच प्रश्न विचारत होती, "आई, तू नक्की येणार आहेस ना?" बाईंना तीन महिने जायचे होते. पण अध्यक्ष महिन्याहून जास्त बाहेर राहणार असेल तर सर्वसाधारण सभेने हंगामी अध्यक्ष निवडलाच पाहिजे, असा पोटनियम होता. तोही बाईंनीच लिहिलेला. सभेला एक तृतीयांश सभासद हवेत. गेल्या दोन सभांना मिळून सात जण आले होते आणि त्यातला एक जण पत्ता विचारायला आला होता. शनिवारी अकरा वाजता तिसरी आणि शेवटची सभा होती.

"म्हणूनच हा तक्ता ग्रुपवर टाकते," बाई म्हणाल्या. "वाचून जरा तरी लाज वाटेल."

त्यांनी तक्त्याचा फोटो काढला. मग आठवड्याच्या भाजीच्या मागणीपत्रकाचा काढला. तो मळेवाल्याला जायचा होता. दोन्ही कागद बाईंनी एकाच पट्टीने आखलेले, दोन्हीवर डावीकडे सभासद क्रमांक, उजवीकडे तपशील. बाईंच्या आयुष्यात दोन समान आकृत्यांची अदलाबदल कधी झाली नव्हती. ती त्या दिवशी झाली. भाजीची यादी सभासदांच्या ग्रुपवर गेली, जिथे ती नेहमीप्रमाणे कोणी उघडली नाही. आणि एकोणपन्नास भोपळे मळेवाल्याकडे गेले, जिथे प्रत्येक ओळ नीट वाचली गेली.

तासाभराने फोन आला. मळेवाल्याने कारकून नवा ठेवला होता, नंबरही नवा होता. पण फोनवर 'बाई' म्हणणारा प्रत्येक पुरुष हा आपला माजी विद्यार्थीच, अशी बाईंची पक्की समजूत होती, त्यामुळे कोण बोलतेय हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

"बाई, यादी बघितली. सगळ्यांना भोपळाच?"

"सगळ्यांना. ते तिघे सोडून."

"लालच ना?"

"लाल शाईनं लिहिलंय ते दिसत नाही का तुला?"

"तसं नाही, विचारलेलं बरं. आणि एकेकाला एकच का?"

"एक कसा? महिन्याचे आठवडे किती? चार. दर आठवड्याचा एक. कर गुणाकार."

"म्हणजे एकशे शहाण्णव होतात, बाई."

इतक्या दिवसांत कोणीतरी तोंडी गुणाकार बरोबर केला होता. बाईंचा राग निम्मा उतरला. "शाबास," त्या म्हणाल्या. "मग शनिवारी सकाळी येणार का?"

"सकाळीच. अकराच्या आत पोचतो की नाही बघा."

बाईंनी फोन ठेवला आणि यजमानांना म्हणाल्या, "बघा, लाज वाटली एकाला तरी."

शनिवारी साडेआठला बाई आणि यजमान भांडार उघडायला आले, तेव्हा दारात ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर मागची फळी पाडत होता. पहिला भोपळा खाली आला तेव्हा बाईंनी कौतुकाने पाहिले. दहावा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बास, बास." ड्रायव्हरने खिशातून फोन काढून त्यांना त्यांचेच अक्षर दाखवले.

बाई बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. यजमानांनी मान वाकवून पाहिले आणि ते भोपळे मोजू लागले. त्याचा बाईंना जास्त राग आला.

"हे परत न्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "ही चूक झालीय."

"तोडलेला माल परत कसा घेणार, बाई? वेलाला चिकटवू का? मला पुढे तीन ठिकाणी जायचंय."

नऊ वाजता ट्रक गेला. भांडाराच्या दारापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत भोपळेच भोपळे झाले होते. एकेक इतका मोठा की उचलायला दोन हात आणि थोडा विचार लागत होता. रस्ता उताराचा होता. कडेचा एक भोपळा हळूच निघाला, न्हाव्याच्या पायरीला टेकला आणि तिथेच राहिला. न्हाव्याने आतून वस्तऱ्यासकट डोके बाहेर काढले, भोपळ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि गिऱ्हाइकाची दाढी अर्धी आहे असे सांगून पुन्हा आत गेला.

बाईंनी ग्रुपवर लिहिले, 'भांडारात भोपळे आले आहेत. सर्वांनी ताबडतोब यावे.'

उत्तरे लगेच आली. 'बाई, क्षमस्व, पुढच्या आठवड्यात नक्की.' 'बाई, लाजवू नका.' सात जणांनी नुसते जोडलेले हात पाठवले. बाईंचा संताप झाला. त्यांनी लिहिले, 'खरे भोपळे!' त्यावर उत्तर आले, 'मान्य आहे, बाई. आमचंच चुकतं.' शेवटी त्यांनी ढिगाचा फोटो टाकला. त्याला अकरा जणांनी हसरे चेहरे लावले आणि टोमणा मारावा तर बाईंनी, असे एकाने लिहिले.

बाई पायरीवर बसल्या. अकराची सभा, मंगळवारचे तिकीट आणि लेकीचा फोन हे सगळे त्यांना त्या ढिगाखाली गेलेले दिसत होते. "मी नाही जाऊ शकत हो," त्या म्हणाल्या. "तिला सांगून टाका. हे असं टाकून कशी जाऊ?"

यजमानांनी त्यांच्या हातातून फोन घेतला. एका बोटाने, टाका घालावा तसे एकेक अक्षर टिपत त्यांनी काहीतरी लिहिले आणि पाठवून दिले.

"काय लिहिलंत?"

त्यांनी फोन पुढे केला. 'मी बाईंचा मिस्टर. बाई आज भांडारात नाहीत. दारात खूप भोपळे पडले आहेत. मला काही सुचत नाही.'

"हे खोटं आहे."

"मग तू आत जाऊन बस. म्हणजे खरं होईल."

बाई वाद घालणार होत्या, तेवढ्यात कोपऱ्यावरून सायकलची घंटा वाजली आणि त्या नाइलाजाने मागच्या कोठीत गेल्या. कोठीला लाकडी दार आणि दाराला वर जाळी होती. आत पिठाची पोती होती. बाई एका पोत्यावर बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतले.

पहिला आला तो वीजमीटरचे आकडे टिपणारा. सभासद क्रमांक सतरा. त्यामागून टेम्पोवाला, मग बेकरीवाल्या मावशी, मग दोघी बहिणी ज्यांना बाईंनी वर्षभर पाहिलेच नव्हते. जाळीतून बाईंना डोकी दिसत होती. त्या मोजत राहिल्या. नऊ. तेरा. वीस.

"बाई खरंच नाहीत ना?" टेम्पोवाल्याने विचारले.

"दिसतायत का तुम्हाला?" यजमान म्हणाले. हे तांत्रिकदृष्ट्या खरे होते.

"मग घ्या रे हाताला हात," टेम्पोवाला म्हणाला आणि रांग लागली. नर्सबाईंनी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला फोन करून चाळीस भोपळे खपवले. बेकरीवाल्या मावशींनी तीस ठेवून घेतले आणि हॉस्टेलच्या आचाऱ्याला बोलावले. न्हाव्याने अर्धी दाढी पूर्ण करून दुकान बंद केले आणि गिऱ्हाइकालाही कामाला लावले. ज्यांना सहा महिने दोन तास मिळत नव्हते ती माणसे बाह्या सरसावून उभी होती. आत पोत्यावर बसलेल्या बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचे सगळे लक्ष डावीकडच्या ढिगाकडे होते. तो वेडावाकडा रचला जात होता आणि घसरणार होता. बाईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"असे नको," मीटरवाला म्हणाला. "खाली तिघांचा त्रिकोण धरा. मधल्या खळग्यात वरचा ठेवा. मग हलत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"बाईंनी शिकवलं होतं. मला पेपरात भोपळा दिला, पण शिकवलं होतं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"तू तर दर सोमवारी यायचास," मावशी म्हणाल्या. "मग सोडलंस का?"

मीटरवाल्याने हातातला भोपळा खाली ठेवला. "दोन तास कांदे निवडायचो मी. मोठे, मध्यम, बारीक. घरी जाताना दारातून वळून बघावं, तर बाई तेच कांदे पुन्हा निवडत असायच्या. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, बाईंचं काम वाढवायला कशाला यायचं?"

"माझ्या फळ्याही पुन्हा पुसतात," एक बहीण म्हणाली.

"मी लावलेल्या चिठ्ठ्या काढून स्वतःच्या लावतात," धाकटी म्हणाली. "माझं अक्षर वाईट नाही हो."

"बाई असत्या तर आज आपण नसतो," न्हावी म्हणाला. त्यात राग नव्हता, हवा गरम आहे म्हणावे तसे तो म्हणाला होता. तेच बाईंना लागले. त्यांना ते कांदे आठवले. मध्यममध्ये चार बारीक आले होते, फक्त चार. अकरा वर्षे त्या म्हणत होत्या, कोणी हात लावत नाही. हात लावलेला त्यांनी राहू दिला होता का? अंधाऱ्या कोठीत बाईंना प्रथमच स्वतःचा पेपर तपासायला मिळाला होता आणि मार्क चांगले पडत नव्हते.

पावणेअकरापर्यंत रस्ता मोकळा झाला. नर्सबाईंनी घाम पुसला. "आज सभा होती ना अकराला? सगळे आहोतच. हंगामी अध्यक्ष निवडून टाकू. बिचाऱ्यांना लेकीकडे जायचंय."

"पण कोरम लागतो," न्हावी म्हणाला. "किती असतो? पाव हिस्सा. म्हणजे तेरा."

"एक तृतीयांश," कोठीतून आवाज आला. "अठरा."

यजमानांनी डोळे मिटून घेतले. मग दार करकरत उघडले आणि पाठीमागे पिठाचा पांढरा शिक्का घेतलेल्या बाई बाहेर आल्या. एकतीस सभासद त्यांच्याकडे बघत होते. टेम्पोवाल्याने हातातला भोपळा लपवण्याचा प्रयत्न केला, जो त्या भोपळ्याच्या आकारमानामुळे फसला.

"मी आतच होते," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकलं. हे भोपळेही माझ्याच चुकीनं आले." त्यांनी मीटरवाल्याकडे पाहिले. "कांद्यांचंही माझंच चुकलं."

नर्सबाईंनी खुर्ची पुढे केली, बाई बसल्या आणि सभा सुरू झाली. "हंगामी अध्यक्ष म्हणून कोण नाव देतंय?" त्यांनी विचारले.

एकतीस जणांनी आपापल्या चपलांकडे पाहिले. अगदी वर्गात, फळ्यावर कोण येतंय विचारल्यावर पाहत तसे. बाईंनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि ती जिथे जिथे गेली तिथली मान आणखी खाली गेली. बाईंनी हे दृश्य पस्तीस वर्षे पाहिले होते. त्याचे कारण त्यांना आज कळले.

त्या उठल्या. "मी आत जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "झालं की दार वाजवा." आणि कोठीत जाऊन त्यांनी दार ओढून घेतले.

आठ मिनिटांत दार वाजले. मीटरवाला सर्वानुमते निवडून आला होता. बाईंनी कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "हे बघ, तांदळाच्या पोत्याला..." त्या सुरू झाल्या. यजमान बाजूला उभे राहून शांतपणे खोकले. "काही नाही," बाई म्हणाल्या. "तुझं तू बघ. फक्त नियम पाळ. हजेरी म्हणजे हजेरी. तोंड बघून लिहायची नाही."

"नाही लिहिणार, बाई," मीटरवाला म्हणाला. दारोदार जाऊन आकडा असेल तोच टिपणारा माणूस तो.

मंगळवारी गाडी वेळेवर सुटली. पुढच्या आठवड्यात नात झाली. पहिले काही दिवस बाईंनी भांडारात रोज फोन केला. पलीकडून रोज एकच उत्तर यायचे, "सगळं ठीक आहे, बाई, बाळ कसं आहे?" नंतर फोन दोन दिवसांआड झाला, मग बाळाच्या आंघोळीत राहूनच जाऊ लागला.

महिन्याने ग्रुपवर तक्ता आला. रेघा थोड्या तिरक्या होत्या. बाईंनी चष्मा लावला. बावन्नांपैकी त्रेचाळीस जणांपुढे निळ्या शाईत बरोबरच्या खुणा होत्या. त्यांनी खुणा दोनदा मोजल्या. मग नजर वर गेली. सभासद क्रमांक एक, खुद्द बाई. पुढे लाल शाईत, चांगल्या ठळक अक्षरात: भोपळा.

"काय झालं?" यजमानांनी विचारले.

बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. यजमानांचे खांदे हलू लागले. ते आवाज न करता हसत होते. "बरोबरच आहे," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम." पण मग त्या बाळाची दुपटी घडी करायला खिडकीकडे वळल्या आणि एक दुपटे त्यांना डोळ्यांना लावावे लागले.

चौथ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. टेम्पोवाला त्या शहरात माल घेऊन आला होता. पायऱ्या चढून चढून तो लाल झाला होता, कारण तो चार खेपा करून आला होता. दाराजवळच्या कोपऱ्यात त्याने चार भोपळे रचून ठेवले होते, तीन खाली, एक वर. वरच्यावर चिठ्ठी चिकटवली होती: 'सभासद क्रमांक एक. आठवडे चार.' चिठ्ठी धाकट्या बहिणीच्या अक्षरात होती. अक्षर खरेच वाईट नव्हते.

"मीटरवाल्यानं सांगितलं, बाईंच्या हातात दे," टेम्पोवाला म्हणाला. मग त्याने ढिगाकडे बघून जरा भीत भीत विचारले, "नीट लागलेत ना, बाई?"

वरचा भोपळा एका बाजूला कलला होता. खालच्या तिघांतला एक भिंतीला टेकला होता, त्रिकोण काही खरा नव्हता. बाईंचा हात आपोआप पुढे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत आला.

"नीट लागलेत," बाई म्हणाल्या. "आत ये. चहा टाकते."